दोन वर, दोन खाली

शाळेच्या पुस्तकात याला दट्ट्या म्हणत.
अंबडच्या गाळ्यात, पत्रा तापायच्या आधी,
रद्दी अंथरून मी दोन मांडलेत:
एक ओतीव, एक घडीव.
मधे इद्रीसचाचांचा चहा, साय धरलेला.

क्रँक लांबवलाय चार मिलिमीटर.
म्हणजे पिस्टन दोन जास्त वर जाणार
आणि दोन जास्त खाली.
लिहायला हे सोपं आहे.
मला कळायला एका मुलीचं
हासळीचं हाड मोडावं लागलं.

मागच्या माघात मी फक्त वरचे दोन मोजले.
सिलिंडरखाली दोन मिलिमीटरचा स्पेसर दिला,
सोल्डरची तार आत सोडून हेडची फट तपासली,
तार चपटी होऊन आली, शिट्टी वाजवली.
खालच्या बाजूला हातानं फिरवताना
नखभर अंतर होतं. म्हटलं, पुरे.
गिरणारेच्या माळावर, चौथ्या गिअरात,
धातू ताणला, तापला
आणि नखभराचं काही उरलं नाही.
स्कर्ट क्रँकला लागला,
चार चाकांची गाडी जागच्या जागी आडवी
आणि शर्वरी बोरस्ते पुढे, गाडीशिवाय.

तो पिस्टन अजून खिडकीत आहे.
इद्रीसचाचा त्यात स्पार्क प्लग ठेवतात.
मी सांगितलं होतं, भंगारात द्या.
ते म्हणाले, राहू दे,
तुझ्या नजरेसमोर राहू दे.

आज तीच आलीय. दुसऱ्या कुणाकडे गेली नाही,
का, ते विचारायचं धाडस मला नाही.
डावा खांदा जरा वर धरून बसते,
दोन्ही पिस्टन तळहातावर तोलून बघते,
कांदे घेताना बघावेत तसे.

ओतीव गुणी दिसतो. स्वस्त.
पहिल्या किकपासून आवाज नाही.
घडीवाला भोकात सैल जागा लागते,
गारठ्यात तो खडखडतो,
तापून फुगला की मग नीट बसतो.
त्याची पिन दोन मिलिमीटर वर सरकवलेली,
स्कर्ट आखूड.
पण फार आखूड केला
तर पिस्टन वर गेल्यावर एक्झॉस्टचं दार
खालून उघडं पडेल.
सगळीकडून पांघरूण अपुरं,
पाय झाकले की डोकं उघडं.

चाचांचा एक कान गेलाय, उरलेला बरा आहे.
रिंगेची टोकं ते अंगठ्यानं चाचपतात,
टोक दारात यायला नको, अडकतं.
मग म्हणतात,
बडबडणारं माणूस घरात परवडतं, पोरी.
गप्प असतं ते
सांगून फुटत नाही.

शर्वरी म्हणते, निफाडकडून वारा सुटला की
आमच्या बागेत पहाटे शेकोट्या असतात.
तिथंच पाच मिनिटं गाडी चालू ठेवीन.
बडबडू दे त्याला.

ठरलं. तरी मी पैसे घेत नाही अजून.
मूर्तीवाल्याकडचा शाडूचा गोळा आणलाय,
क्रँकच्या चाकावर थापतो,
घडीव पिस्टन बसवून एक फेरा देतो,
हळू, चोरासारखा.
पुन्हा सगळं उतरवतो.
मातीवर स्कर्टच्या कडेचा ठसा,
चंद्रकोरीएवढा.
ब्लेडनं कापून मापतो.
दीड मिलिमीटर.

पुन्हा मापतो.
चाचा बघतात. चहा कधीच गार झालाय.
ती म्हणते, मला दे.
वाचता येत नाही तिला व्हर्निअर,
तरी घेते, डोळ्याजवळ धरते,
आणि मग मातीचा तो तुकडा
रुमालात गुंडाळून खिशात टाकते.

पावतीवर तो मी लिहिला नाही.
पिस्टन, पिन, रिंग, सर्क्लिप दोन,
बोअरिंगची मजुरी.
मजुरी खोडली.
तिनं पेन मागून घेतलं
आणि परत लिहिली.